निसगा तह: जमीन 8 टक्के मिळाली, मग उरलेल्या 92 टक्क्यांचं काय?

पाणवठा
कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या निसगा या आदिवासी लोकांनी केंद्र आणि प्रांत सरकारशी केलेल्या तहाचा विषय निघाला की दोन आकडे हमखास पुढे येतात. जमीन सुमारे 2,000 चौरस किलोमीटर, रोख रक्कम 19 कोटी डॉलर. त्यावरून निकालही लगेच दिला जातो. कुणी म्हणतं, दावा केलेल्या मुलखाच्या जेमतेम 8 टक्के जमीन हाती आली, म्हणजे फसवणूकच. कुणी म्हणतं, एवढ्या छोट्या समाजाला केवढं दिलं. दोन्ही बाजूंनी करारपत्र उघडून पाहिलेलं नसतं. त्याचे 22 अध्याय आहेत आणि जमीन हा त्यातला एक.

आधी घटनाक्रम लिहितो, म्हणजे पुढे बोलायला सोपं जाईल. 1887 मध्ये नास नदीच्या खोऱ्यातले प्रमुख व्हिक्टोरियाला गेले. जमीन आमची आहे हे मान्य करा आणि तह करा, एवढीच मागणी. प्रांताचे प्रीमियर विल्यम स्मिथ यांनी ती धुडकावली. 1913 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अर्ज गेला. 1927 मध्ये इंडियन अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे आदिवासींसाठीच्या केंद्रीय कायद्यात, दुरुस्ती करून जमिनीच्या दाव्यासाठी सरकारी परवानगीशिवाय पैसे गोळा करणं हाच गुन्हा ठरवला. वकील लावायचा तर पैसे लागणार, म्हणजे कोर्टाची वाटच बंद. हे कलम 1951 मध्ये उठलं. 1955 मध्ये निसगा ट्रायबल कौन्सिल उभी राहिली, 1967 मध्ये खटला भरला आणि 1973 मध्ये सुप्रीम कोर्टाचा कॅल्डर निकाल आला. 1976 मध्ये केंद्र सरकार वाटाघाटींना बसलं, प्रांत 1990 मध्ये आला. 1996 ला तत्त्वतः करार, 4 ऑगस्ट 1998 ला अंतिम मसुद्यावर आद्याक्षऱ्या, 11 मे 2000 ला तह लागू. 1887 पासून मोजा, 113 वर्षं होतात.

ज्यांनी कलमं वाचली आहेत त्यांनी या धाग्यावर कलमांवर लिहावं, ही विनंती.

दस्तऐवज
कॅल्डर निकालाबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो, तो आधी काढू. निसगा तो खटला जिंकले नव्हते. सात न्यायाधीशांपैकी सहा जणांनी मान्य केलं की वसाहत येण्याआधीपासूनचा आदिवासी हक्क कायद्याने अस्तित्वात होता. तो पुढे संपुष्टात आला का, यावर तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली. सातव्याने त्या प्रश्नाला हातच घातला नाही. सरकारवर दावा लावण्याआधी जी परवानगी लागत होती ती घेतलेली नाही, या तांत्रिक कारणावर त्याने दावा फेटाळला. म्हणजे कागदोपत्री हार झाली. पण हक्क मुळातच नव्हता असं म्हणायची सोय सरकारला उरली नाही, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने सर्वंकष दाव्यांवर बोलणी करायचं धोरण जाहीर केलं.

दुसरं, प्रांत 1990 पर्यंत बाहेर राहिला हे एका ओळीत संपवण्यासारखं नाही. कॅनडात सरकारी जमीन, जंगल, खनिजं प्रांताच्या मालकीची असतात. टेबलावर केंद्र एकटंच असेल तर ते पैसे देऊ शकतं, मासेमारीवर बोलू शकतं, पण जमिनीचा एक तुकडाही देऊ शकत नाही. चौदा वर्षं बोलणी त्यामुळेच रेंगाळली. आजही कुठल्याही वाटाघाटीत पहिला प्रश्न हाच विचारायचा: ज्याच्याकडे वस्तू आहे तो खुर्चीवर आहे का?

सातबारा
92 टक्क्यांच्या प्रश्नाचं उत्तर नकाशात आहे. तहात एकच सीमा नाही, एकात एक अशी तीन क्षेत्रं आहेत.

सर्वांत आतलं क्षेत्र म्हणजे निसगा जमीन, सुमारे 2,000 चौ. किमी. जुनी राखीव गावठाणं याच्यातच आली. ही जमीन निसगा राष्ट्राच्या पूर्ण मालकीची आहे, भूगर्भातल्या खनिजांसकट. ती आता केंद्राने 'इंडियन' लोकांसाठी राखून ठेवलेली जमीन नाही. इंडियन अ‍ॅक्टखाली मालकी सरकारकडे असते, मंत्र्याच्या संमतीशिवाय भाडेपट्टाही होत नाही. ते सगळं संपलं.

त्याबाहेर नास वन्यजीव क्षेत्र, 16,000 चौ. किमी.हून थोडं जास्त. इथली मालकी निसगांकडे नाही, पण शिकारीचा हक्क आहे, आणि मूस, ग्रिझली अस्वल, पहाडी बकरा यांच्या शिकारीतला वाटा तहात ठरलेला आहे. व्यवस्थापन समितीत त्यांचे प्रतिनिधी बसतात.

सर्वांत बाहेर नास क्षेत्र, 26,000 चौ. किमी.च्या वर. मासेमारीचे हक्क इथे लागू होतात.

म्हणून "8 टक्के मिळाले, 92 गेले" हा हिशेब चुकीचा आहे. मालकी 8 टक्क्यांवर आहे आणि वापराचे ठरावीक हक्क बऱ्याच मोठ्या मुलखावर. पण "म्हणजे काहीच गेलं नाही" हेही खरं नाही. बाहेरच्या दोन क्षेत्रांत जंगलतोडीचा परवाना द्यायचा की नाही, हे निसगा ठरवत नाहीत.

कंदील
सातबारा यांच्याशी सहमत, पण खरी किंमत कुठे मोजली ते अध्याय 2 मध्ये आहे. 'निश्चितता' या नावाखाली जे कलम आहे तेच या तहाचं हृदय आहे.

जुन्या तहांची भाषा होती: आम्ही सर्व हक्क सोडले, सुपूर्द केले, त्यागले. निसगांनी ती नाकारली. त्यांच्या तहात असं म्हटलंय की आदिवासी हक्क, जमिनीच्या हक्कासकट, पुढे चालू राहतात. मात्र या करारात जसे लिहिलेत तसेच, बदललेल्या रूपात. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण पाठोपाठ दुसरं कलम येतं: करारात लिहिलंय त्याहून वेगळा किंवा जास्त काही हक्क शिल्लक निघाला, तर तो सरकारच्या बाजूने सोडला आहे. आणि हा संपूर्ण व अंतिम निपटारा आहे असंही लिहिलंय.

1998 मध्ये हे ठीक होतं का? माझ्या मते त्या वेळी याहून चांगली भाषा मिळणं शक्य नव्हतं. पण 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्सिल्कोतिन लोकांना सुमारे 1,750 चौ. किमी. जमिनीवर आदिवासी मालकी हक्क जाहीर केला, तोही काहीही न सोडता. 2019 मध्ये केंद्र, प्रांत आणि फर्स्ट नेशन्स समिट ही आदिवासी समाजांची संघटना यांनी ब्रिटिश कोलंबियातल्या तहांसाठी नवं धोरण मान्य केलं. त्यात हक्क विझवण्याची अट नाही आणि तहाचा ठरावीक काळाने फेरविचार होतो. 2024 मध्ये प्रांताने हायडा ग्वाई या बेटांच्या संपूर्ण भूभागावर हायडा लोकांचा मालकी हक्क मान्य केला. जे पहिले गेले त्यांनी वाट पाडली, आणि चढही त्यांच्याच वाट्याला आला. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रानमेवा
आपल्याकडच्या गडचिरोलीशी तुलना करता येईल का? मेंढा-लेखा ग्रामसभेला 2009 मध्ये सुमारे 1,810 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, बांबूचा वाहतूक परवाना 2011 पासून ग्रामसभेच्या हातात आला. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा आणि निसगांचं स्वशासन एकाच जातीचं वाटतं.

दस्तऐवज
@रानमेवा, भावना एकच आहे, कायद्याची चौकट वेगळी. वनहक्क कायदा 2006 आणि पेसा 1996 हे संसदेचे कायदे आहेत. संसद ते बदलू शकते, आणि समोरच्याची संमती घ्यावी लागत नाही. सामूहिक वनहक्कात वापर, संरक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे येतं, जमिनीची मालकी येत नाही.

निसगा तहाला कॅनडाच्या राज्यघटनेच्या कलम 35 चं, म्हणजे आदिवासी आणि तहाचे हक्क मान्य करणाऱ्या कलमाचं, संरक्षण आहे. 1983 च्या दुरुस्तीने जमीनदाव्यांच्या करारांतून आलेले हक्क 'तहाचे हक्क' म्हणून त्याच कलमात आले. तह बदलायचा तर केंद्र, प्रांत आणि निसगा तिघांची संमती लागते, आणि निसगांच्या बाजूने विधानगृहातल्या दोन तृतीयांश निर्वाचित सदस्यांची. मेंढा-लेखाने एकमताने निर्णय घेण्याची जी पद्धत बसवली ती मात्र कुठल्याही तहात लिहून मिळत नाही. ते बळ गावाचं स्वतःचं.

मिठागर
मासेमारीवर लिहितो. टक्केवारी वाचून लोक फसतात ते नेमकं इथे.

सॉकाय जातीच्या सामनचा तहातला वाटा 10.5 टक्के. हे 10.5 टक्के नदीत आलेल्या एकूण माशांचे नाहीत. आधी अंडी घालायला वर किती मासे पोचले पाहिजेत तो आकडा बाजूला काढतात. उरतात ते पकडण्याजोगे. त्यातून कॅनडाच्या वाट्याचे जे, त्यांचे टक्के. नास नदीचे मासे परतताना अलास्काच्या पाण्यातून येतात, तिथे काही पकडले जातात. म्हणून वाईट वर्षी टक्का तोच राहतो आणि टोपली रिकामी राहू शकते. एखाद्या वर्षी वाट्यापेक्षा कमी-जास्त पकडले गेले तर पुढच्या वर्षांत वळतं करायची सोय आहे.

याशिवाय सॉकायचे 13 टक्के आणि पिंक या दुसऱ्या सामनचे 15 टक्के वेगळ्या 'हार्वेस्ट अ‍ॅग्रीमेंट'मधून मिळतात. हा करार तहाचा भाग नाही, त्यामुळे कलम 35 चं कवच त्याला नाही. कुठला वाटा घटनेच्या आत आणि कुठला साध्या कराराखाली, हे दोन रकान्यांत वेगळं मांडल्याशिवाय बेरीज करू नये. वर्तमानपत्रांत नेहमी बेरीजच छापून येते.

हे सगळं मोजणीवर उभं आहे. ज्याच्या हातात मोजणी, त्याच्या हातात वाटणी. निसगा मत्स्य विभागाने तहाच्या आधीच, 1992 पासून, गित्विन्क्सिल्कजवळ नदीत फिशव्हील लावायला सुरुवात केली. प्रवाहाच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाच्या जाळ्यांत मासा जिवंत सापडतो, त्याला खूणपट्टी लावून सोडतात, आणि वरच्या टप्प्यावर पट्टीवाले किती अन् बिनपट्टीचे किती यावरून एकूण संख्या काढतात. वाटाघाटी चालू असताना स्वतःची आकडेवारी तयार असणं म्हणजे काय, ते इथे दिसतं. तहानंतर लिसिम्स मत्स्यसंवर्धन न्यास झाला, त्यात कॅनडाचे 1 कोटी आणि निसगांचे 30 लाख डॉलर.

पाणवठा
मिठागर, फार उपयोगी. आता स्वशासनावर कुणी लिहील का? केंद्र आणि प्रांतानंतरचं 'तिसरं सरकार' असं म्हणतात, ते प्रत्यक्षात काय?

सातबारा
अध्याय 11. निसगा लिसिम्स सरकार आणि चार ग्रामसरकारं: गित्लाख्तामिक्स, गित्विन्क्सिल्क, लाख्गाल्त्साप, गिंगोल्ख. शिवाय टेरेस, प्रिन्स रूपर्ट आणि व्हँकुव्हर इथे राहणाऱ्यांसाठी तीन शहरी शाखा, कारण बरेच निसगा खोऱ्याबाहेर राहतात. विधानगृह गित्लाख्तामिक्सला. ज्येष्ठांचं मंडळ 'अयूक' म्हणजे परंपरागत कायद्याबाबत सल्ला देतं.

अधिकार दोन प्रकारचे. आपली घटना, नागरिकत्व, भाषा-संस्कृती, निसगा जमीन आणि मालमत्ता अशा विषयांत निसगा कायदा आणि केंद्र-प्रांताचा कायदा भिडले तर निसगा कायदा वरचढ. शाळा, मुलांची काळजी अशा विषयांत निसगा कायदा तेव्हाच टिकतो, जेव्हा तो प्रांताच्या मानकाइतका किंवा त्याहून चांगला असतो. फौजदारी कायदा केंद्राचाच. कॅनडाचा मूलभूत हक्कांचा चार्टर निसगा सरकारलाही लागू. म्हणजे सार्वभौम देश नाही आणि नुसती नगरपालिकाही नाही.

निसगा जमिनीवर राहणाऱ्या बिगर-निसगांना विधानगृहासाठी मत नाही, पण त्यांच्यावर थेट परिणाम करणाऱ्या निर्णयांत सल्ला घेणं बंधनकारक आहे आणि शाळा मंडळासारख्या संस्थांत मत देता येतं. याच मुद्द्यावर तेव्हाचे प्रांतातले विरोधी पक्षनेते गॉर्डन कॅम्पबेल आणि दोन सहकारी कोर्टात गेले. जुलै 2000 मध्ये न्यायमूर्ती विल्यमसन यांनी अर्ज फेटाळला: स्वशासनाचा हक्क 1867 च्या घटनेने पुसला गेला नव्हता, मर्यादित रूपात तो टिकून होता. पुढे एका निसगा घराण्याच्या प्रमुखानेही तहाला आव्हान दिलं, तेही 2013 मध्ये अपील कोर्टात टिकलं नाही.

त्या दाव्यामागचं दुखणं मात्र खरं आहे. निसगांमध्ये मुलूख 'विल्प'चा, म्हणजे आईकडून चालत येणाऱ्या घराण्याचा. तहाने मालकी सगळ्या राष्ट्राच्या नावावर केली. 'एकच सामायिक वाडगा' हे तत्त्व त्यांचंच, बहुसंख्यांनी ते स्वीकारलं. पण घराण्याच्या मुलखाचं काय, हा प्रश्न जमीनधारणेच्या कुठल्याही परंपरेत पडणारच.

कंदील
मतदानाचा हिशेब कुणी लिहिला नाही, म्हणून लिहितो. नियम असा होता: नोंदणी झालेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी 'हो' म्हटलं पाहिजे. झालेल्या मतांपैकी नव्हे, एकूण यादीपैकी. म्हणजे घरी बसलेला माणूस 'नाही' मध्ये मोजला जातो. नोव्हेंबर 1998 मध्ये यादीत 2,376 नावं होती. 1,451 बाजूने, 558 विरोधात. यादीच्या 61 टक्के, झालेल्या मतांच्या 72 टक्के.

या नियमामुळे खरं काम मतदानाच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू होतं: नावनोंदणी. आई निसगा असण्याचा पुरावा, वंशावळ, दत्तकविधान, शहरांतले पत्ते. मयत माणसाचं नाव यादीत राहिलं तरी तो 'नाही'चं एक मत ठरतो.

याच प्रांतातल्या लेडली-टेने या दुसऱ्या आदिवासी राष्ट्राच्या तहाचं 2007 मध्ये काय झालं ते याच्या शेजारी ठेवून वाचा. वाटाघाटी करणाऱ्यांनी मसुदा पूर्ण केला, दोन्ही सरकारं राजी, आणि गावाने 123 विरुद्ध 111 मतांनी नाकारला. 2018 मध्ये दुसऱ्यांदाही नाकारला. शेकडो पानांचा कायदेशीर मजकूर शेवटच्या काही महिन्यांत लोकांपुढे येतो, तेव्हा अविश्वासाला जागा मिळते. प्रत्येक अध्याय बंद होताच गावात वाचून दाखवावा लागतो. तिथे वेळ वाचवायला गेलं की मतपेटीत भरपाई द्यावी लागते.

दस्तऐवज
पैशाचा भाग थोडक्यात. 19 कोटी डॉलर एकदम मिळाले नाहीत, हप्त्यांनी मिळाले. त्यातून वाटाघाटींसाठी काढलेलं कर्ज वळतं व्हायचं, सुमारे 5 कोटी. स्वतःच्या जमिनीसाठी बोलणी करायला सरकारकडूनच कर्ज काढायचं, ही पद्धत मुळापासून अन्यायाची होती. बोलणी जितकी लांबतील तितकं कर्ज वाढतं, आणि कर्ज वाढलं की टेबलावरून उठणं अवघड होतं. 2018 पासून नवी कर्जं बंद झाली. 2019 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जुनी माफ करायला आणि ज्यांनी आधीच फेडली त्यांना परत द्यायला मिळून 140 कोटी डॉलरपर्यंत तरतूद झाली.

करसवलत हा दुसरा कडू घास. इंडियन अ‍ॅक्टखालची सवलत टप्प्याटप्प्याने गेली: विक्रीकरासारख्या करांची 8 वर्षांनी, आयकरासह बाकीची 12 वर्षांनी. बऱ्याच घरांना तहातलं हेच कलम सर्वांत आधी जाणवलं.

रानमेवा
शेजारच्या समाजांच्या हद्दी एकमेकांवर चढत असतील तर तह कुणाशी करायचा? गितान्याऊ लोकांचं ऐकलं होतं.

सातबारा
बरोबर ऐकलंत. वरच्या नास खोऱ्यावर गितान्याऊंचाही दावा आहे. निसगा तह पूर्ण होत असताना ते कोर्टात गेले आणि 1999 मध्ये कोर्टाने म्हटलं की बोलणी सुरू केल्यावर ती सद्भावनेने करणं सरकारवर बंधनकारक आहे. तह मात्र थांबला नाही.

तहातही याची सोय आहे: दुसऱ्या आदिवासी समाजाच्या घटनात्मक हक्काला एखाद्या कलमाने बाधा येते असं कोर्टाने ठरवलं, तर ते कलम तेवढ्यापुरतं लागू होणार नाही, आणि निसगांना त्याबदल्यात दुसरं काही देण्यासाठी सरकारला प्रयत्न करावे लागतील. म्हणजे भांडण सुटलेलं नाही, पुढे ढकललंय. त्याचे चटके आजही बसतात. पिअर्स बेटावर निसगांच्या मालकीच्या जागेवर की लिसिम्स हा गॅस निर्यात प्रकल्प होतोय, निसगा त्यात भागीदार आहेत. त्याला गॅस पोचवणाऱ्या पाइपलाइनला गितान्याऊ प्रमुखांनी विरोध केला. दोन शेजारी आपापल्या हक्काच्या आधारे समोरासमोर उभे आहेत. सरकारने हद्दींचं बोलणं आधी दोघांना एकत्र बसवून करायला हवं होतं.

मिठागर
कलमं वाचायला घेणाऱ्यांसाठी दोन जागा सांगतो, सहसा सुटतात. अध्याय 10, परिच्छेद 8(फ): निसगा हक्कांवर परिणाम करू शकेल अशा प्रकल्पाच्या पर्यावरण परीक्षणात निसगा नागरिकांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक स्वास्थ्याचाही विचार करावाच लागतो. एका ओळीचं कलम, पण खाण किंवा वीजवाहिनी आली की वाटाघाटीला तेच कामी येतं.

आणि अध्याय 17, वस्तूंचा. कॅनडातल्या दोन मोठ्या संग्रहालयांतून 300 हून जास्त वस्तू परत आल्या, लाख्गाल्त्सापला 2011 मध्ये त्यांच्यासाठी संग्रहालय उघडलं. परदेशातल्या संग्रहालयांना मात्र तह लागू नाही. एडिंबरातला नि'इसजूल कोरीव खांब त्यामुळे वेगळी बोलणी करून आणावा लागला. 2023 मध्ये तो नासच्या काठी परतला.

पाणवठा
मासेमारीची वर्षवार आकडेवारी आणि 2009 चा निसगा जमीनधारणा कायदा, ज्याने गावातल्या 0.2 हेक्टरपर्यंतच्या घराच्या जागेची पूर्ण मालकी व्यक्तीला घेता येते, यावर वेगळा धागा काढतो. तो कायदा इथे दोन ओळींत मावणार नाही: जागा बाहेरच्याला विकली तरी तिच्यावर निसगा कायदाच चालतो, त्यामुळे बँका गहाण कसं घेतात इथपासून सुरुवात करावी लागेल. कंदील, 2024 मध्ये आद्याक्षऱ्या झालेल्या कोमोक्स आणि किटसेलास तहांतली 'निश्चितता' कलमं निसगा अध्याय 2 शेजारी ठेवून तुम्ही लिहाल का?

कंदील
लिहितो. परिच्छेदाला परिच्छेद लावून, आधी मूळ शब्दरचना आणि मग अर्थ.